मॉन्टरेच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमधले कार्यक्रम: प्रवेश कोणाला आणि तयारी कशी

दीपस्तंभ

कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरेची नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूल (पुढे एनपीएस) ही अमेरिकी नौदलाची पदव्युत्तर संस्था. १९०९ मध्ये अ‍ॅनापोलिसला सागरी अभियांत्रिकीची शाळा म्हणून ती सुरू झाली आणि १९५१ च्या अखेरीस मॉन्टरेला हलली. नौदलाबरोबरच लष्कर, हवाई दल, मरीन कोअर, मित्रदेशांचे अधिकारी आणि संरक्षण खात्याचे नागरी कर्मचारी इथे शिकतात. व्याख्यानं, परिसंवाद, कार्यशाळा, मैदानी प्रयोग असं वर्षभर काही ना काही चालू असतं.

नवा माणूस विषय वाचतो, तारीख टिपतो आणि निघतो. इथे ते चालत नाही. विषयाच्या आधी पाहायचं ते हे, की कार्यक्रम कुठल्या पातळीचा आहे. फाटकावर काय दाखवायचं, सादरीकरणावर कुठला शिक्का हवा, फोन खिशात ठेवता येईल का, हे सगळं त्यावर ठरतं. अगदी खुला कार्यक्रम असेल तर शाळा ज्या नौदल तळावर आहे तिथे शिरण्यापुरती परवानगी लागते. त्यानंतर फक्त अमेरिकी सरकारी माणसं आणि त्यांच्या कंत्राटदारांसाठीचे. मग असे, जिथे कागद गोपनीय नसतो पण ‘नियंत्रित’ असतो, म्हणजे सीयूआय (कंट्रोल्ड अनक्लासिफाइड इन्फर्मेशन). आणि शेवटी बंद खोलीतले गोपनीय. एकाच परिसंवादात सकाळचं सत्र खुलं आणि दुपारचं बंद असंही असतं. त्यामुळे नोंदणी करताना प्रत्येक सत्राची पातळी वेगळी विचारून घ्यावी.

वेळेचं गणित तिमाहीवर चालतं. एक तिमाही बारा आठवड्यांची, शेवटचा आठवडा परीक्षेचा. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर हे पदवीदानाचे महिने. पहिल्या आठवड्यात विद्यार्थी विषयांची अदलाबदल करत असतात, शेवटच्या दोनेक आठवड्यांत प्रबंधाच्या मागे लागलेले असतात. व्याख्यानाला भरलेलं सभागृह हवं असेल तर मधले सहा-सात आठवडेच आपले.

कुठल्या प्रकारच्या कार्यक्रमाला काय लागतं, हे जाणकारांनी इथे लिहावं. स्वतःच्या आठवणी नकोत, उपयोगी माहिती हवी.

नांगर

फाटकापासून सुरू करतो, कारण बहुतेकांची फजिती तिथेच होते.

शाळा ज्या तळावर आहे तो नेव्हल सपोर्ट अ‍ॅक्टिव्हिटी मॉन्टरे. प्रवेश तळ देतो, शाळा देत नाही. यजमान प्राध्यापकाचा ‘या’ असा ईमेल फाटकावर काही कामाचा नाही. ज्याच्याकडे संरक्षण खात्याचं ओळखपत्र नाही अशा अमेरिकी नागरिकाला आधी पार्श्वभूमी तपासून घ्यावी लागते. त्यासाठी सेकनॅव्ह (नौदल सचिव कार्यालय) ५५१२/१ हा अर्ज असतो. मोठ्या कार्यक्रमाला आयोजक सगळ्यांची यादी एकत्र देतात, तरी यादीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः तेच हवं. यादीत लाडाचं नाव आणि परवान्यावर पूर्ण नाव, एवढ्यावरून माणूस बाजूच्या रांगेत अर्धा तास अडकतो.

७ मे २०२५ पासून रिअल आयडीचा, म्हणजे संघराज्याच्या निकषांत बसणाऱ्या ओळखपत्राचा, नियम प्रत्यक्ष लागू झालाय. वाहन परवान्यावर कोपऱ्यात तारा नसेल तर पासपोर्ट जवळ ठेवा. पण रिअल आयडी म्हणजे प्रवेशाचा परवाना नव्हे, ती फक्त चालणारी ओळख. तपासणी वेगळी होते. या दोन गोष्टींची लोक कायम गल्लत करतात.

त्या अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर असतो, म्हणून तो साध्या ईमेलला जोडून पाठवू नये. यजमानाला ‘डीओडी सेफ’ या संरक्षण खात्याच्या फाइल पाठवण्याच्या प्रणालीवरून फाइल टाकण्याची विनंती पाठवायला सांगा. तुमच्याकडे सरकारी कार्ड नसेल तर त्या विनंतीशिवाय फाइल चढवताच येत नाही. चढवलेली फाइल सात दिवसांनी आपोआप पुसली जाते. शुक्रवारी पाठवली आणि यजमान रजेवर असला की पुन्हा पहिल्यापासून.

ऋतुपर्ण

परदेशी पाहुण्यांचं काय? परिषदेत शोधनिबंध वाचायला येणारा परदेशी प्राध्यापक वरच्या यादीतून जाऊ शकतो का?

नांगर

त्यांचा मार्ग निराळा. परदेशी नागरिकासाठी यजमानाने प्रायोजक म्हणून आधीच नाव द्यावं लागतं, पासपोर्टची माहिती द्यावी लागते आणि तपासणीला जास्त दिवस लागतात. पाहुणा आपल्या सरकारच्या वतीने येत असेल तर विनंती त्याच्या दूतावासातून, परदेशी भेटींसाठीच्या ठरावीक प्रणालीतून यावी लागते. महिनाभर हातात ठेवलेला बरा. आठवडा उरला असताना कोणी विचारलं तर सरळ दूरस्थ सहभाग सुचवावा, आशा लावू नये.

म्हणूनच खुले परिसंवाद पुष्कळदा तळाबाहेर, हॉटेलच्या सभागृहात घेतात. जागेचं भाडं पडतं, पण फाटकाचा प्रश्नच मिटतो.

चौथा_परिच्छेद

आता कागदपत्रं. वक्ता संरक्षण खात्याचा असेल तर सादरीकरणावर वितरणाचा शिक्का लागतो. शिक्के ए ते एफ असे सहा. ए म्हणजे सर्वांसाठी खुलं. बी फक्त अमेरिकी सरकारी संस्थांना. सी सरकार आणि सरकारचे कंत्राटदार. डी संरक्षण खातं आणि त्याचे कंत्राटदार. ई फक्त संरक्षण खातं. एफ म्हणजे नियंत्रण करणाऱ्या कार्यालयाला विचारल्याशिवाय पुढे नाही. हे संरक्षण खात्याच्या ५२३०.२४ या सूचनेत आहे आणि तिची ताजी आवृत्ती जानेवारी २०२३ ची. जुन्या सादरीकरणांवर अजून ‘फॉर ऑफिशियल यूज ओन्ली’ दिसतं, पण ते आता वापरात नाही. २०२० पासून त्याच्या जागी सीयूआय आहे. जुना शिक्का खोडून नवा मारणं ही मात्र नुसती शोधा-बदला करण्यासारखी गोष्ट नाही, मजकूर पुन्हा तपासावा लागतो.

नेहमी होणाऱ्या चुका अशा. पहिली: मुख्य मजकूर तपासून घेतला, पण खालच्या वक्त्याच्या टिपा राहिल्या. फाइल वाटली की टिपाही जातात. दुसरी: आलेख चित्र म्हणून न चिकटवता तक्त्यासकट चिकटवला, म्हणजे त्यामागची सगळी आकडेवारी फाइलमध्ये तशीच राहते. तिसरी: प्रत्येक आकृती वेगळी खुली आहे, पण पाच आकृत्या शेजारी ठेवल्यावर जे चित्र उभं राहतं ते खुलं नाही. याला संकलनाचा धोका म्हणतात, आणि तपासणारा माणूस नेमकं हेच शोधत असतो. म्हणून सुटी पानं न पाठवता पूर्ण सादरीकरण पाठवावं.

इथल्या वर्गात मित्रदेशांचे अधिकारी बसलेले असतात, तेव्हा शिक्का बी ते ई यातला असेल तर ते सत्र त्यांच्यासाठी आपोआप खुलं होत नाही. तांत्रिक माहिती परदेशी नागरिकाला तोंडी सांगणं हीसुद्धा निर्यातच मानली जाते, मग ती अमेरिकेतल्या खोलीत का असेना. याच कारणाने आयोजकाने श्रोत्यांची यादी वक्त्याला आधी द्यावी. वक्ता मंचावर उभा राहून ‘इथे परदेशी कोण आहे?’ असं विचारतो, हे दोघांनाही अवघडवणारं आहे.

शून्य_एक

+१. आणि गोपनीय सत्रासाठी: गोपनीय माहिती पाहण्याची मंजुरी असणं पुरत नाही, तिची नोंद यजमानाकडे पोचावी लागते. तुमच्या संस्थेचा सुरक्षा अधिकारी डिस या मंजुऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतून भेटीची विनंती पाठवतो, पूर्वी हेच काम जेपास ही प्रणाली करत असे. विनंतीत यजमान कार्यालयाचा एसएमओ कोड (सुरक्षा व्यवस्थापन कार्यालयाचा क्रमांक) लागतो. तो चुकला तर विनंती भलत्याच कार्यालयात जाऊन पडते आणि दोन्हीकडचे लोक ‘आमच्याकडून झालंय’ म्हणत बसतात. तारखा एक दिवस आधी ते एक दिवस नंतर अशा घ्या, सत्र पुढे ढकललं तरी सगळं पुन्हा करावं लागत नाही.

खोलीबाहेर ठेवायच्या वस्तूंमध्ये फोन सगळ्यांना आठवतो. विसरतात ते मनगटावरचं घड्याळ, व्यायामाची पट्टी, ब्लूटूथचे कानातले आणि गाडीची रिमोट किल्ली. श्रवणयंत्र किंवा इन्सुलिन पंप असेल तर आधी लेखी मंजुरी लागते. ती दारात मिळत नाही.

ऋतुपर्ण

नौदल सचिवांच्या नावाची पाहुणे-व्याख्यानमाला किंग सभागृहात होते. अशी सगळी व्याख्यानं ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवायला काय हरकत आहे? इतके ज्येष्ठ लोक येतात आणि ऐकतात फक्त सभागृहातले.

चौथा_परिच्छेद

हरकत आहे, आणि ती तांत्रिक नाही. कॅमेरा लागला की अ‍ॅडमिरल प्रसिद्धीपत्रक वाचून दाखवतो. नाव बाहेर न सांगण्याच्या बोलीवर तोच माणूस कुठला प्रकल्प का फसला ते सांगतो. पदव्युत्तर वर्गाला हे दुसऱ्या प्रकारचं बोलणंच हवं असतं.

इथे शब्द नीट वापरावेत. चॅटम हाउस या लंडनच्या आंतरराष्ट्रीय धोरण-संस्थेचा नियम १९२७ चा. त्यात ऐकलेली माहिती वापरता येते, पण ती कोणी सांगितली, तो कुठल्या संस्थेचा, तिथे आणखी कोण होतं, हे सांगता येत नाही. ‘ऑफ द रेकॉर्ड’ म्हणजे माहितीही वापरायची नाही. आयोजक दोन्ही एकाच श्वासात बोलतात आणि मग विद्यार्थी प्रबंधात ‘एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने व्याख्यानात सांगितले’ असं तळटीप टाकून मोकळा होतो. तारीख आणि सभागृह लिहिलं की अधिकारी कोण हे दोन मिनिटांत कळतं. प्रबंधात वापरायचं असेल तर वक्त्याकडून वेगळी लेखी परवानगी घ्या.

दीपस्तंभ

मुद्रणाच्या बाजूनेही उदाहरण आहे. गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग १९७६ पासून इथे शिकवत होते आणि १९९५ मधली त्यांची व्याख्यानं मुद्रित झाली. तीस वर्षांनी ती जगभर पाहिली जातात. म्हणजे सरसकट नियम नको. वर्गातलं शिकवणं मुद्रित करा, धोरणावरच्या गप्पा सोडा.



शून्य_एक

मुद्रण असो वा नसो, दूरस्थ श्रोते असतील तर एक सवय लावा: सभागृहातला प्रश्न माइकवर आला नसेल तर वक्त्याने तो पुन्हा म्हणायचा. नाहीतर लांबच्या श्रोत्याला नुसती उत्तरंच ऐकू येतात. श्रोत्यांसाठी दोन फिरते माइक ठेवा आणि ते माणसाच्या हातात ठेवा, रांगेतून फिरवू नका. माइक फिरता फिरता चौथ्या रांगेतला गृहस्थ प्रश्नाऐवजी भाषण सुरू करतो.

फाइल पाच दिवस आधी मागवा. चित्रफीत दुव्यावर नको, फाइलमध्येच घाला. सरकारी जाळ्यावर बाहेरची बरीच स्थळं बंद असतात. पेनड्राइव्हवर विसंबू नका. संरक्षण खात्याने २००८ मध्ये त्यावर बंदी घातली, नंतर ती काही अंशी सैल झाली. एनपीएसचं शैक्षणिक जाळं निराळं असलं तरी सभागृहातला संगणक कुठल्या जाळ्यावर आहे हे विचारल्याशिवाय धरून चालू नये.

अभ्यासू

पैशांचंही लिहा कोणीतरी. मानधन, चहापाणी वगैरे.

नांगर

वक्ता संघराज्याचा कर्मचारी असून आपल्या पदाच्या कामाबद्दल बोलत असेल तर बाहेरून मानधन घेता येत नाही. भेटवस्तूची मर्यादा एका प्रसंगी २० डॉलर, एकाच देणाऱ्याकडून वर्षाला ५० डॉलर. म्हणून संस्थेचं चिन्ह असलेलं पितळी नाणं देतात, ते मर्यादेत बसतं आणि शोभतंही. बाहेरच्या वक्त्याचा प्रवासखर्च द्यायचा असेल तर निमंत्रणाचा प्रवास-आदेश निघाल्यावरच तिकीट काढायला सांगा. आधी तिकीट आणि मागून आदेश, असं झालं की परतफेड लटकते.

चहा-बिस्किटं हा सगळ्यात चुकणारा खर्च. काँग्रेसने मंजूर केलेल्या निधीतून सर्वसाधारण बैठकीला खाणंपिणं घेता येत नाही, कारण खाणं हा ज्याचा त्याचा खर्च मानला आहे. पुरस्कार समारंभ, औपचारिक परिषद असे अपवाद आहेत, पण ते विधी अधिकाऱ्याने ठरवायचे. सरळ उपाय म्हणजे वर्गणी, किंवा माजी विद्यार्थी आणि हितचिंतकांच्या फाउंडेशनकडून रीतसर मदत. मात्र सरकारी कर्मचाऱ्याने फाउंडेशनकडे स्वतः मागणी करायची नाही.

तारकापुंज

मैदानी प्रयोगांवर कोणीच आलं नाही, म्हणून लिहितो. माझ्या मते इथला सगळ्यात उपयोगी कार्यक्रम तोच.

जेआयएफएक्स म्हणजे जॉइंट इंटरएजन्सी फील्ड एक्सपेरिमेंटेशन. मॉन्टरेच्या दक्षिणेला साधारण १६० किलोमीटरवर कॅम्प रॉबर्ट्स आहे, तिथल्या मॅकमिलन धावपट्टीच्या परिसरात एनपीएस हे वर्षातून काही वेळा भरवते. कंपन्या, विद्यापीठं, सरकारी प्रयोगशाळा आपापली यंत्रं घेऊन येतात. खर्च ज्याचा त्याने करायचा. आलात म्हणून कंत्राट मिळेल असं कुठलंही आश्वासन नसतं, आणि हे अर्जातच स्पष्ट असतं. विक्रीच्या भाषेतले अर्ज म्हणूनच मागे पडतात. ‘आमचं ड्रोन सर्वोत्तम आहे’ हे प्रात्यक्षिक झालं. ‘दोन रेडिओंमध्ये टेकडी आल्यावर चित्रप्रवाह किती सेकंद तुटतो’ हा प्रयोग. प्रयोग फसला तरी चालतो, फसल्याची नोंद मात्र हवी.

अर्जात रेडिओ वारंवारितेची (फ्रीक्वेन्सीची) माहिती अर्धवट असणं हे उशिराचं मुख्य कारण. मधली वारंवारिता, पट्ट्याची रुंदी, प्रक्षेपणशक्ती वॅटमध्ये, अँटेनाचा लाभ (गेन), अँटेना जमिनीपासून किती उंच, हे सगळं प्रत्येक प्रक्षेपकासाठी वेगळं लिहा. ड्रोनवरचा, जमिनीवरचा आणि सुटा ठेवलेला, तिन्ही. ‘साधं वायफाय आहे’ असं लिहून भागत नाही. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. मैदानात दहा पथकं आली आणि प्रत्येकाचं यंत्र स्वयंनिवडीवर असलं की घरी दोन किलोमीटर चालणारी जोडणी इथे तीनशे मीटरवर मान टाकू शकते. वाहिनी हाताने ठरवा आणि शेजारच्या पथकाशी बोलून ठरवा.

ड्रोनचे भाग कुठल्या देशाचे, याची यादी तयार ठेवा. २०२० च्या संरक्षण कायद्यातल्या कलम ८४८ नुसार संरक्षण खात्याला चिनी बनावटीची ड्रोन आणि त्यांचे कॅमेरे, रेडिओ, उड्डाणनियंत्रक असे महत्त्वाचे भाग वापरता-विकत घेता येत नाहीत. सांगाडा अमेरिकी असला तरी आतला कॅमेरा अडवतो.

उन्हाळ्यात तिथे चाळिशीच्या आसपास तापमान जातं. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि बंद गाडीत ठेवलेली बॅटरी त्या पुढे सहज जाते. सावली, पांढरं कापड आणि बॅटरीवर चिकटवलेला तापमापक एवढं पुरतं. विमानाने येणाऱ्यांनी लक्षात ठेवा: सुटी बॅटरी हातातल्या सामानातच. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची मंजुरी आणि माणशी दोनच. त्यापुढच्या आधीच रस्त्याने रवाना करा.

शून्य_एक

घड्याळांचं विसरलात. सगळ्यात जास्त आकडेवारी तिथेच वाया जाते.

तारकापुंज

खरं आहे. प्रत्येक यंत्राची नोंद यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवा. एक नोंद स्थानिक वेळेत आणि दुसरी यूटीसीत असेल तर हिवाळ्यात आठ तासांचा, उन्हाळ्यात सात तासांचा फरक पडतो. तो निदान दिसतो तरी. घातक फरक १८ सेकंदांचा: काही जीपीएस ग्राहकयंत्रं (रिसीव्हर) जीपीएस वेळ जशीच्या तशी लिहितात आणि ती २०१७ पासून यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. ड्रोन सेकंदाला १५ मीटर जात असेल तर नकाशावरची जागा २७० मीटरने चुकते आणि दोष बिचाऱ्या संवेदकाला मिळतो. सकाळी सगळी यंत्रं एकत्र ठेवून एकाच क्षणी प्रत्येकाच्या नोंदीत एक खूण करायची, संध्याकाळी पुन्हा. दोन खुणा जुळल्या नाहीत तर त्या दिवसाची आकडेवारी लगेच दुरुस्त करता येते.

अभ्यासू

सप्टेंबरमधल्या आठवडाभराच्या कार्यशाळेबद्दलही ऐकलं आहे. ती कशी चालते?

चौथा_परिच्छेद

वॉरफेअर इनोव्हेशन कंटिन्युअमची कार्यशाळा. दोन तिमाहींच्या मधल्या काळात होते. विद्यार्थी अधिकारी, नौदलाच्या प्रयोगशाळांतले अभियंते आणि उद्योगातले लोक यांची मिश्र पथकं करतात, एक कल्पित संघर्षाची परिस्थिती देतात आणि शेवटी प्रत्येक पथक आपल्या संकल्पना मांडतं. त्यातल्या काही पुढे प्रबंधाचे विषय होतात, म्हणून प्रबंधाच्या शोधात असलेल्याने हा आठवडा चुकवू नये.

अशा पथकात अडचण येते ती हुद्द्याची. कॅप्टनने पहिल्या तासाला मत दिलं की लेफ्टनंट उरलेला आठवडा त्याचीच चित्रं काढतो. उपाय जुनाच आहे: आधी दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून कागदावर लिहायचं, मग सर्वांत कनिष्ठाने सुरुवात करायची. टिपा घेणारा माणूस वेगळा ठेवा, चर्चा चालवणाऱ्याकडे ते काम देऊ नका. आणि भिंतीवरच्या कागदाचं छायाचित्र काढण्याआधी तिथे फोन चालतो का ते विचारा.

सहभागींकडून प्रश्नावली भरून घेऊन ती प्रबंधात वापरणार असाल तर तो मानवी सहभागाचा अभ्यास ठरू शकतो. तो तसा आहे की नाही हे संशोधन-नीती मंडळाने ठरवायचं आणि तेही प्रश्नावली वाटण्याआधी. नंतर मिळालेली मंजुरी मागे लागू होत नाही.

ऋतुपर्ण

तळावर जाणंच शक्य नाही, अशांना काही?

दीपस्तंभ

बरंच काही. संरक्षण खरेदीवरचा अ‍ॅक्विझिशन रिसर्च सिम्पोझियम २००४ पासून दरवर्षी होतो, हल्ली मे महिन्यात. त्यातले निबंध खुले असतात, आणि निबंधांचं आवाहन काही महिने आधी निघतं. एनपीएसच्या डडली नॉक्स ग्रंथालयाच्या ‘कॅल्हून’ संग्रहात खुले प्रबंध विनामूल्य मिळतात. पदवीदान झाल्याबरोबर प्रबंध दिसत नाही, तपासणीला वेळ जातो, म्हणून जूनच्या तुकडीचं काम लगेच शोधून ‘नाही’ म्हणू नये. २००२ मध्ये सुरू झालेल्या अंतर्गत सुरक्षा केंद्राचं डिजिटल ग्रंथालयही आहे.

भेट देणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय दिन असतो. मित्रदेशांचे अधिकारी आणि त्यांची कुटुंबं आपापल्या देशाचे पदार्थ, पोशाख, नाच मांडतात. हर्मन हॉल ही इमारत मूळच्या हॉटेल डेल माँटेची. १८८० चं हॉटेल, १९२४ च्या आगीनंतर १९२६ मध्ये पुन्हा उभं राहिलेलं. अशा दिवशी प्रवेशाचे नियम तेवढ्यापुरते सैल किंवा वेगळे असू शकतात, त्यामुळे मागच्या वर्षी चाललं ते यंदा चालेल असं समजू नका.

अभ्यासू

लहान मुलांनाही ओळखपत्र लागतं का?

नांगर

रिअल आयडीचा नियम प्रौढांसाठी आहे. तरी आयोजकांच्या यादीत मुलांची नावं घालायला सांगा. गाडीतली माणसं आणि यादीतली माणसं मोजून सारखी आली की फाटकावरचा पहारेकरी पुढचं विचारत नाही.